मधुकरीची झोळी : पंडित माधवराव सप्रे

दरवर्षी 19 जूनला प्रार्थनेनंतर आपल्या शाळेत पंडित माधवराव सप्रे यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. शाळा नुकतीच उघडलेली असते, मुलांच्या पुस्तकांना अजून कव्हरे चढलेली नसतात, आणि सारे रायपूर पावसाकडे डोळे लावून बसलेले असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका जयंतीला मी माधवरावांविषयी चार शब्द बोलून कार्यालयात आले, तो नववीतील एक विद्यार्थिनी माझ्या पाठोपाठ दारात उभी राहिली. तिने कुठेतरी वाचले होते की राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेल्यावर सप्रे यांनी सरकारची माफी मागितली आणि ते सुटले. त्याच सुमारास लोकमान्य टिळक मात्र सहा वर्षांची शिक्षा भोगायला मंडालेला गेले. मग माफी मागणाऱ्यालाही आपण हार का घालतो, असा तिचा प्रश्न होता. त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच कोडे पडले होते.

मी तिला वेळ निभावून नेणारे उत्तर दिले. पुढच्या आयुष्यात त्यांनी फार मोठे कार्य केले, असे काहीसे मी म्हणाले. ते खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, आणि हे तिला आणि मला दोघींनाही त्याच क्षणी कळले होते. तास झाला, घंटा वाजली, ती वर्गात गेली. हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने काहीतरी लिहावे असा समितीचा आग्रह झाला, तेव्हा शाळेच्या प्रगतीचा आलेख मांडण्याऐवजी ते उधार राहिलेले उत्तर द्यावे असे मनात आले. ती विद्यार्थिनी आज माजी विद्यार्थिनी आहे. हा अंक तिच्याही घरी पोहोचेल.

परगावी स्थायिक झालेल्या वाचकांसाठी आधी थोडे आपल्या परिसराविषयी. छत्तीसगडात वस्तीला पारा म्हणतात. बूढापारा ही बूढा तलावाच्या काठची जुनी वस्ती. या तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, कारण 1877 साली किशोरवयीन नरेंद्रनाथ आपल्या वडिलांकडे रायपूरला आले, ते याच बूढापाऱ्यात राहिले. तलावापासून थोड्याच अंतरावर माधवराव सप्रे यांच्या नावाची सरकारी शाळा आहे आणि तिच्यासमोर मोठे मैदान आहे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या मैदानावर सायकल शिकली असेल, क्रिकेटमध्ये चेंडू हरवला असेल, सभा ऐकल्या असतील. सप्रे मैदान हे नाव आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की सप्रे हा एक माणूस होता, त्याच्या वाट्याला एक फार अवघड काळ आला होता, याची आठवण सहसा होत नाही.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. घरची भाषा मराठी आणि अंगणाबाहेरची हिंदी, अशी जी दुहेरी जडणघडण आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याची होते तीच त्यांची झाली. कुटुंब बिलासपूरला आले, तिथे प्राथमिक व माध्यमिक शिक्षण झाले. पुढे रायपूरच्या सरकारी हायस्कुलातून 1890 साली ते मॅट्रिक झाले. रायपूरला शिकत असताना नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. एका शिक्षकाने एका मराठी मुलाच्या मनात हिंदीचे बी पेरले आणि त्यातून आधुनिक हिंदी गद्याचा एक शिल्पकार उभा राहिला, हे लिहिताना शिक्षिका म्हणून मला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

जबलपूर, ग्वाल्हेर असे करीत करीत 1898 साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. त्या काळच्या मध्य प्रांतात मराठी घरातील पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी म्हणजे हात पुढे करण्याचाच अवकाश. ती त्यांनी घेतली नाही. त्याऐवजी ते बिलासपूरपलीकडच्या पेंड्रा या आडवळणाच्या संस्थानी गावी राजकुमाराचे शिक्षक झाले. पगार महिना पन्नास रुपये. या पन्नास रुपयांच्या बळावर जानेवारी 1900 मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर सोबतीला होते आणि प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी घेतली होती. सप्रे, चिंचोलकर, लाखे: तिघेही मराठी, मासिक हिंदी, आणि नाव छत्तीसगडचे. आपण ज्या मातीत राहतो तिची भाषा परकी मानायची नाही, हा धडा या तिघांनी कोणतेही भाषण न करता दिला.

मासिक तीन वर्षे चालले. वर्गणीदार थोडे, खर्च फार. 1902 अखेर ते बंद करावे लागले. पण त्या तीन वर्षांत 1901 साली त्यात माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली, जिला अनेक अभ्यासक हिंदीतील पहिली कथा मानतात. एक जमीनदार आपल्या वाड्याचा आवार वाढवण्यासाठी शेजारच्या गरीब विधवेची झोपडी बळकावतो. म्हातारीची लहानगी नात अन्न सोडून बसते, आपल्याच घरची भाकरी हवी म्हणते. तेव्हा म्हातारी येऊन जमीनदाराकडे आपल्या झोपडीतील फक्त टोपलीभर माती मागते, तिची चूल घालून नातीला भाकरी करून घालावी म्हणून. माती भरल्यावर ती त्यालाच टोपलीला हात लावायला सांगते. त्याला टोपली उचलत नाही. एका टोपलीचा भार ज्याला पेलत नाही त्याने हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहावा, एवढेच ती विचारते, आणि त्या माणसाचे डोळे उघडतात. तो झोपडी परत करतो. ही कथा मी अनेकदा वर्गात शिकवली. जमीनदाराला शिक्षा होत नाही, कोणी त्याला हरवत नाही. तो वाकतो आणि वाकल्यावरच त्याला आपले वजन कळते. लेखक तेव्हा तिशीचा होता. पुढे सातच वर्षांत त्याला स्वतःला वाकावे लागणार होते.

‘छत्तीसगढ़ मित्र’ बंद पडल्यावर माधवराव नागपूरला गेले. 1905 नंतरचा काळ स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीने पेटलेला होता. त्यांनी हिंदी ग्रंथ प्रकाशित करण्यासाठी मंडळी उभी केली, स्वदेशी आंदोलन व बहिष्कार या विषयावर पुस्तक लिहिले, जे पुढे सरकारने जप्त केले, आणि 13 एप्रिल 1907 रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. नाव सांगतेच की प्रेरणा कोणाची. टिळकांचा ‘केसरी’ जे मराठी वाचकांपर्यंत नेत होता ते हिंदी भाषकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश. पत्र झपाट्याने पसरले. सरकारचे लक्ष वेधले जाणे अटळ होते.

1908 च्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. महिनाभरातच, 22 ऑगस्टला, नागपुरात माधवरावांना राजद्रोहाच्या कलमाखाली पकडण्यात आले. ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच वेळी सरकारची वक्रदृष्टी वळली होती. माधवराव सदतीस वर्षांचे होते. घरात मागे कुटुंब होते, पैसा नव्हता, आणि ज्यांच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते ते थोरले बंधू बाबूराव होते. बंधूंनी आग्रह धरला की क्षमापत्रावर सही करून बाहेर यावे. नुसता आग्रह नव्हे. सही झाली नाही तर आपण जीव देऊ, इथपर्यंत गोष्ट गेली असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. नोव्हेंबरात माधवरावांनी सही केली आणि ते सुटले.

बाबूरावांना दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही. भाऊ तुरुंगात, घरातील तोंडे खाणारी, टिळकांची शिक्षा ताजी. अशा वेळी घरातला कर्ता माणूस जे करील तेच त्यांनी केले. पालक म्हणून आपल्यापैकी कितीजण वेगळे वागलो असतो, हे ज्याने त्याने आपल्या देवापुढे बसून ठरवावे.

पण सुटकेनंतरचा काळ तुरुंगापेक्षा अवघड होता. जे वाचक कालपर्यंत ‘हिंदी केसरी’चा अंक हातोहात नेत होते त्यांच्या नजरेत संपादक उतरला. पत्र पुढे फार काळ तग धरू शकले नाही. ज्यांना गुरुस्थानी मानले ते लोकमान्य ब्रह्मदेशात कोठडीत बसलेले, आणि आपण घरी. सरकारने सोडले, पण आता जायचे कुठे? असा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला माहीत असते की त्या वेळी माणसापुढे साधारणपणे दोनच वाटा दिसतात. एक, आपली बाजू मांडत सुटणे: दोष भावाचा, दोष परिस्थितीचा. दुसरी, ताबडतोब आणखी एखादे धाडस करून मागचा डाग धुवायला धावणे. माधवरावांनी दोन्ही टाळल्या. बंधूंच्या नावावर बिल फाडले नाही, स्वतःच्या समर्थनाची मोहीम उघडली नाही, आणि नवे वृत्तपत्र काढायला धावलेही नाहीत.

ते वर्ध्याजवळ हनुमानगडावर गेले. तिथे समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे यांचे वास्तव्य होते. त्यांच्याकडून माधवरावांनी अनुग्रह घेतला आणि वर्षाहून अधिक काळ रामदासी म्हणून ते तिथे राहिले. अन्न मधुकरीचे.

मधुकरी हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. माश्या जशा फुलाफुलांतून थोडा थोडा मध घेतात आणि फुलाला इजा करीत नाहीत, तसे घरोघरी जाऊन थोडे थोडे शिजवलेले अन्न मागून आणायचे आणि त्यावर राहायचे. मागणाऱ्याला निवड नसते. कुणी भाकरी घालील, कुणी नुसता भात, कुणी पुढच्या दाराकडे बोट दाखवील. जे पडेल ते गुरूपुढे ठेवायचे आणि मग खायचे. समर्थांनी दासबोधात भिक्षेवर एक अख्खा समास लिहिला आहे. त्यांच्या संप्रदायात भिक्षा हे पोट भरण्याचे साधन नसून अहंकार झिजवण्याचे आणि लोक ओळखण्याचे साधन आहे. आता कल्पना करावी: कलकत्ता विद्यापीठाचा पदवीधर, एका गाजलेल्या पत्राचा संपादक, ज्याच्या नावाने सरकार दचकत होते, तो हातात झोळी घेऊन दारात उभा राहून दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो आहे. दार उघडणाऱ्या बाईला तो कोण हे माहीत असेल किंवा नसेल. माहीत असेल तर माफीचेही माहीत असेल.

वाट पाहणे म्हणजे काय, हे मला त्या झोळीवरून कळते. देवाची वाट पाहणे याचा अर्थ आपण नेहमी असा करतो की संकट आले, हात जोडून बसलो, आणि देव येऊन सोडवील. माधवरावांना सोडवण्यासारखे काही उरलेच नव्हते; ते सुटलेलेच होते, हीच तर व्यथा. त्यांना वाट पाहायची होती ती पुन्हा उपयोगी पडण्याची, आणि ती वेळ कधी येईल, येईल की नाही, हे त्यांच्या हाती नव्हते. ज्याच्या हाती आहे त्याच्यावर ते सोपवून रोज सकाळी उठायचे, स्नान, उपासना, मधुकरी, ग्रंथवाचन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसाला दिवस जोडत राहण्यात केवढी श्रद्धा लागते हे ज्यांनी दीर्घ आजारपण काढले आहे, ज्यांचे मूल बोर्डाच्या परीक्षेत अपयशी होऊन वर्षभर घरी बसले आहे, त्यांना सांगायला नको. आपल्या शाळेनेही अशी वर्षे पाहिली आहेत. पहिलीत मराठी माध्यमाला एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी मुले आलेली जून महिन्याची सकाळ मी पाहिली आहे. त्या वर्षी काही सुचत नसे. हजेरी घ्यायची, फळा पुसायचा, आणि जी पाच मुले समोर बसली आहेत त्यांना नीट शिकवायचे, एवढेच हाती होते. असो.

हनुमानगडावरच्या त्या काळात माधवरावांच्या हाती दासबोध होता. तो वाचला, घोकला, त्यावर चिंतन केले. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून अधिक ओव्या. समर्थांचा हा ग्रंथ भाविकाला नुसते डोळे मिटून बसू देत नाही. तो देवावर भार टाकायला सांगतो तसाच यत्नालाही देव म्हणतो. अक्षर कसे काढावे, लेखन कसे करावे, माणसे कशी जोडावीत, हेही त्यात आहे. रिकाम्या हाताने आलेल्या लेखकाला हाच ग्रंथ भेटावा, याला योगायोग म्हणायचे की आणखी काही, हे मी वाचकांवर सोडते. पुढे रायपूरला परतल्यावर त्यांनी दासबोध हिंदीत आणला आणि पुण्याच्या चित्रशाळेने तो प्रसिद्ध केला. समर्थांची वाणी नर्मदेपलीकडच्या वाचकांच्या घरात गेली ती त्या झोळीतून. मराठी माणसाने अपमानाच्या दिवसांत मातृभाषेतील ग्रंथाचा आधार घेतला आणि तो आधार स्वतःपुरता न ठेवता शेजारच्या भाषेला दिला.

रायपुरात परतलेले माधवराव पूर्वीचे राहिले नव्हते. राहणी अतिशय साधी. लेख छापायचे तेही पुष्कळदा दुसऱ्या नावाने; त्यांतले एक नाव होते माधवदास रामदासी. ज्याचे नाव लोकांच्या तोंडी वाईट कारणाने आले आहे त्याने नावच बाजूला ठेवावे आणि काम चालू ठेवावे, ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. याच वर्षांत रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा उभी राहिली. ज्या गावात मुलींनी शिकावे की नाही याचीच चर्चा चालू होती तिथे हे काम सुरू करणे आणि ते टिकवणे, यात वृत्तपत्र चालवण्याएवढा गाजावाजा नव्हता, पण कष्ट कमी नव्हते. आज ज्या मुली सकाळी साडेसातला सायकली दामटत बूढापाऱ्यातून जातात त्यांना या शाळेचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. त्यांच्या पणज्यांना ते माहीत असावे.

आणि मग ज्या गोष्टीची माधवरावांनी मागणी केली नव्हती ती घडली. 1914 च्या जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. कोठडीत लिहिलेला त्यांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ जून 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ साऱ्या हिंदुस्थानात जायचा तर हिंदी भाषांतर हवे. टिळकांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचे ते सार. एकेका शब्दावर वाद होऊ शकेल असा विषय. संस्कृत, मराठी आणि हिंदी तिन्हींवर हुकमत हवी, आणि त्याहून अधिक विश्वास हवा. टिळकांनी ते काम माधवराव सप्रे यांच्याकडे दिले.

मी या एका घटनेपाशी फार वेळ थांबते. तुरुंगातून क्षमापत्रावर सुटलेल्या शिष्याच्या हाती, शिक्षा पुरी भोगून आलेल्या गुरूने आपले तुरुंगातले लेखन ठेवले. मधल्या सहा वर्षांत दोघेही आपापल्या परीने एकाच प्रश्नाशी झुंजत होते. सगळी दारे बंद झाल्यावर माणसाने कर्म सोडावे की करावे, आणि करायचे तर फळाचे काय? एकाने मंडालेच्या कोठडीत गीतेवर लिहून तो सोडवला, दुसऱ्याने वर्ध्याच्या टेकडीवर झोळी हाती धरून. ज्याने फळाची आशा सोडून रोजचे काम करीत राहणे म्हणजे काय हे अंगावर घेतले होते त्यालाच त्या ग्रंथाची हिंदी साधली, यात मला नवल वाटत नाही. भाषांतर थोड्याच काळात सिद्ध झाले. मराठीशी परिचय नसलेल्या असंख्य वाचकांनी, काशी-प्रयागच्या विद्यार्थ्यांनी, खेड्यापाड्यांतील शिक्षकांनी टिळकांना ओळखले ते या हिंदीतून, आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही तोच अनुवाद वाचला जातो.

मराठीतून हिंदीत आणखी एक मोठे काम त्यांनी केले: चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील ग्रंथाचे ‘महाभारत मीमांसा’ हे भाषांतर 1920 साली प्रकाशित झाले. त्याच वर्षी जानेवारीत जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्यामागची खटपट माधवरावांची. पण संपादकाच्या खुर्चीत ते बसले नाहीत. तिथे त्यांनी खांडव्याचे तरुण कवी माखनलाल चतुर्वेदी यांना बसवले, आणि पुढे कर्मवीर व चतुर्वेदी ही दोन नावे एकमेकांपासून वेगळी करता येणार नाहीत इतकी एक झाली. ज्याला पत्रकारितेचे एवढे वेड होते, ज्याने पन्नास रुपयांतून मासिक चालवले होते, त्याने बाजूला उभे राहून दुसऱ्याला पुढे करावे, हे सोपे नाही. पेंड्र्याच्या तरुण संपादकाला ते जमले असते असे मला वाटत नाही.

असहकाराच्या दिवसांत रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले, अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला. दोन्हींत त्यांचा हात होता. वामनराव लाखे यांनीही 1920 साली सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी परत केली, आणि ‘छत्तीसगढ़ मित्र’चे दोन जुने सोबती पुन्हा एका रस्त्यावर आले. 1924 मध्ये देहरादून येथे भरलेल्या अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना देण्यात आले. मराठी मातृभाषा असलेल्या माणसाला हिंदी जगताने दिलेला तो सर्वोच्च मान होता. सोळा वर्षांपूर्वी ज्याच्याकडे लोकांनी पाठ फिरवली होती त्याच्यासाठी सभागृह उभे राहिले. ही भरपाई होती असे मात्र मी म्हणणार नाही. भरपाई मिळो न मिळो, त्यांचा दिनक्रम तसाच राहिला असता असे त्यांच्या मधल्या वर्षांकडे पाहून वाटते.

शरीर मात्र थकले होते. उपास, प्रवास, लेखन आणि गरिबी यांनी ते आतून पोखरले होते. देहरादूनच्या संमेलनाला दोन वर्षेही झाली नसतील तोच, 23 एप्रिल 1926 रोजी, रायपुरात त्यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. मी आज त्याच वयाच्या आसपास आहे, म्हणून तो आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. तिने विचारले होते की माफी मागणाऱ्याला हार का. आज ती समोर असती तर मी तिला माफीची गोष्ट टाळून पुढच्या कार्याची यादी दिली नसती. माफी तिथेच आहे. ती चरित्रातून खोडायची नाही, आणि माधवरावांनीही ती कधी खोडली नाही. मी तिला एवढेच सांगितले असते की नोव्हेंबर 1908 ते टिळकांनी ग्रंथ हाती दिला तो दिवस, यांच्या मधल्या साडेसहा-सात वर्षांकडे बघ. त्या वर्षांत त्यांच्या बाजूने कोणी बोलत नव्हते, कोणते पद नव्हते, पुढे काय होईल याची कसलीही खूण नव्हती. होती ती झोळी, दासबोध, मुलींची एक शाळा आणि टोपणनावाने लिहिलेली काही पाने. हार त्या वर्षांना आहे.

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी माझ्या कार्यालयाबाहेर जी मुले भिंतीला टेकून, आई-वडिलांची नजर चुकवीत उभी असतात, त्यांना मी अलीकडे एक काम सांगते. आत बोलावून पाणी देते, आणि म्हणते की जरा सप्रे मैदानापर्यंत चालत जा, एक फेरी मार आणि परत ये, मग बोलू. बहुतेक जण जातात. मैदानावर त्या वेळी उन्हातही कोणी ना कोणी खेळत असते. फाटकावरचे नाव ती मुले वाचतात की नाही, मी विचारत नाही. परत येतात तेव्हा घामेजलेली असतात, आणि पुन्हा नाव नोंदवण्याचा अर्ज माझ्या टेबलावर तयार असतो.